‘आई, आलं!’

चौकशीची खिडकी : वाचकांची पत्रं आणि अक्कांची उत्तरं

एसटीच्या नोकरीची चौतीस वर्षं मी नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकात खिडकीमागे काढली. पाटी ‘आरक्षण’ अशी होती, पण खिडकीत डोकं घालणारा विचारायचा भलतंच. ‘बाई, शालिमारला कुठून जायचं?’, ‘बाई, इथे प्यायचं पाणी कुठंय?’, ‘बाई, रामकुंड चालत किती लांब?’ तिकिटं कमी दिली आणि पत्ते जास्त सांगितले. हे पान त्याच सवयीवर चाललंय.

या महिन्याच्या टपालात नाशिकात नव्याने आलेल्यांशी निगडित तीन पत्रं निघाली. एक नव्या माणसाबद्दल तक्रारीचं, एक नव्या माणसानेच आमच्याबद्दल केलेल्या तक्रारीचं, आणि तिसरं तक्रार करायचीही चोरी असलेल्या एका पोराचं. शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणून एकत्रच छापते. नावं नेहमीसारखी गाळली आहेत.

पत्र पहिलं

अक्का, मी इंदिरानगरला राहते. वय ५७. जन्म नाशिकचा, शाळा नाशिकची, सासरही नाशिकचंच. मागच्या मार्गशीर्षात मुलाचं लग्न झालं. सून मनमाडची. स्वभावाने गोड, कामाला चपळ, नाव ठेवायला जागा नाही. पण एक सांगते, हसू नका. सकाळी सहाला नळाला पाणी आलं की ती धावत स्वयंपाकघरात येते आणि म्हणते, ‘आई, आलं!’ जसे काही पाहुणेच आलेत. तिच्या लहानपणी मनमाडला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं म्हणे. इथे रोज येतं हे तिला अजून खरं वाटत नाही. सुरुवातीला आम्ही सगळे कौतुकाने हसलो. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. आता पाच महिने झाले. भाजीवाला दारात येतो, त्याचं कौतुक. रात्री पांघरूण घ्यावं लागतं, त्याचं कौतुक. परवा म्हणाली, ‘आई, तुमच्या घरात मीठ कधी संपतच नाही हो!’ मी म्हटलं, ‘त्यात काय एवढं?’

खरा प्रश्न पुढेच आहे. परवा जेवताना मुलगा म्हणाला, ‘आई, तू कधी अशी कशावर खूश झालीस गं?’ सहज बोलला असेल, पण मला लागलं. रात्रभर झोप नाही. मी कृतघ्न आहे का? भाची म्हणते, मोबाइलवर एक ॲप आहे, त्यात रोज झोपताना तीन गोष्टींचे आभार लिहायचे. चार दिवस लिहिलं. चौथ्या दिवशी काय लिहावं सुचेना, म्हणून पहिल्या दिवसाचंच परत लिहिलं. काय करू?

उत्तर

ताई, हसले नाही. उलट तुमचं पत्र वाचून उठले आणि स्वयंपाकघरातला नळ उगाच सोडून बघितला.

आधी माझंच सांगते. १९७९ साली मी अमळनेरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन पंचवटीतल्या एका वाड्यात आले. सुरुवातीला पहाटे डोळ्याला डोळा लागायचा नाही. काळारामाच्या देवळात काकडआरती, तिच्यामागून आणखी कुठल्या देवळाची घंटा, मग गंगेवर स्नानाला निघालेल्यांची बोलणी, बादल्यांच्या कड्या. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा दचकतो, त्याला वाटतं बाई काशीला निघाल्या.) मी सासूबाईंना विचारलंही होतं, हे लोक झोपतात कधी?

पाच-सहा वर्षांनी माझी धाकटी बहीण चार दिवस राहायला आली. दुसऱ्याच पहाटे तिने मला हलवून विचारलं, ‘हाई घंटा कव्हय थांबस वं?’ आणि मी झोपेतच म्हटलं, ‘कोणती घंटा?’

मग उठून बसले. घंटा वाजत होती, चांगली खणखणीत. मला ती ऐकू यायची नेमकी कुठल्या दिवशी थांबली, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तुम्हाला नळाचं पाणी दिसेनासं झालं यात कृतघ्नपणा वगैरे काही नाही. रोज प्रत्येक घंटा ऐकत बसले असते तर माझी स्थानकातली पहिली पाळी रोज चुकली असती.

पण तुमच्या पत्रातला एक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘येतं’. आपण म्हणतो पाणी येतं, जसं ऊन येतं, जसा वारा येतो. तुमची सूनही तेच क्रियापद वापरते, पण तिच्या तोंडचं ‘आलं’ हे आमच्या स्थानकातल्या ‘गाडी आली’सारखं आहे. गाडी येणार होती, तिला उशीर झाला असता, ती रद्दही झाली असती, आणि ती कोणीतरी चालवत आणली, हे सगळं त्या ‘आली’त असतं. गाडी आपोआप आली असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या नळापर्यंतचा रस्ता मोठा आहे. त्र्यंबकच्या डोंगरांत पडलेला पाऊस गंगापूर धरणात अडतो. तिथून पंपाने उपसून शुद्धीकरण केंद्रात, तिथून उंच टाक्यांत, आणि टाकीतून गल्लीत. गल्लीत ते सोडायला माणूस लागतो. मला हा माणूस दिसायला निवृत्ती यावी लागली. २०१८ चा हिवाळा. आम्ही तोवर मखमलाबाद रोडला राहायला आलो होतो. पहाटे पावणेपाचला फिरायला बाहेर पडले तर कोपऱ्यावर एक जण रस्त्यातल्या लोखंडी झाकणाशी ओणवा. हातात जवळपास माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब चावी, वर आडवी मूठ. तो ती फिरवायला लागला आणि ‘खर्रर्र खर्रर्र’ असा आवाज आला. आवाज ओळखीचा! इतकी वर्षं अंथरुणात पडल्या पडल्या मी तो ऐकत होते आणि मला वाटायचं, दूधवाल्याच्या सायकलची साखळी वाजते. म्हटलं, ‘भाऊ, चहा घेऊन जा.’ तो म्हणाला, ‘नको ताई, पुढे अजून सात व्हॉल्व्ह आहेत.’ चावी खांद्यावर टाकून गेलासुद्धा. निफाडचा पारा पाचाच्या खाली उतरल्याचं पेपरात येतं ना, त्या आठवड्यातली गोष्ट. आपण पेपर रजईत वाचतो.

आता भाचीचं ॲप. लिहा हवं तर, त्याने वाईट काही होत नाही. पण ‘पाण्याबद्दल आभारी आहे’ असं मोबाइलमध्ये लिहिलं तर ते पोचतं कुणाला? मी चौतीस वर्षांत ‘कुठंतरी’चं तिकीट कुणाला दिलं नाही. चौथ्या दिवशी तुमचं अडलं ते म्हणूनच. गोष्टी संपतात हो, माणसं संपत नाहीत. तुमच्या गल्लीत पाणी सोडणारा कोण आहे, त्याची चावी फिरवायची वेळ काय, हे तुम्ही आणि सूनबाई मिळून एकदा शोधून काढा. मला खात्री आहे, ते तुमच्याआधी तिलाच माहीत असेल. मनमाडच्या मुलीला पाणी सोडणाऱ्याचं नाव, गाव आणि त्याच्या मुलांची इयत्ता ठाऊक असते.

आणि ते मीठ, ताई. तुम्ही ओघात लिहून गेलात, पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. मीठ संपत नाही, म्हणजे बरणी तळाला जायच्या आत कुणीतरी रोज तिकडे नजर टाकतं. ते कोण? तुमच्या घरात मीठ, काडेपेटी, देवापुढचं तेल, मुलाच्या शर्टाची बटणं, यातलं काहीच ‘संपत नाही’. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही ती चावी फिरवताय आणि घरातल्यांना ती दूधवाल्याची साखळी वाटते. ते सगळं पहिल्यांदा कुणाला दिसलं? बाहेरून आलेल्या मुलीला. ती तुमचे आभार मानत होती आणि तुम्ही म्हणालात, ‘त्यात काय एवढं?’ नळाचं सोडा, हे वाक्य तेवढं बदला. पुढच्या वेळी म्हणा, ‘तुला दिसलं होय गं!’

मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही द्या. प्रेमानेच विचारा त्याला, ‘घरात मीठ कुठल्या दुकानातून येतं रे? आणि कोण आणतं?’ बघू सांगता येतं का.

एक काम मात्र करा. सून माहेरी जाईल तेव्हा दोन दिवस तुम्हीही तिच्याबरोबर मनमाडला जा. रेल्वेने तासाभराचा रस्ता. तुम्ही आयुष्यात कधी नवखेपण भोगलेलं नाही, सगळंच नाशिकात. तिथे विहीणबाईंच्या घरात तुम्ही नव्या असाल. त्यांनी जन्मभर पाणी कसं पुरवून वापरलं ते विचारा. अंघोळीचं कुठे, भांड्यांचं कुठे, डाळ धुतलेलं कुठल्या कुंडीला. ती सारी विद्या आहे. गावाबाहेर ती अंगठ्यासारखी उभी हडबीची शेंडी दिसेल. तुम्ही मान वर करून बघत राहाल आणि विहीणबाई म्हणतील, ‘त्यात काय एवढं?’ तेव्हा माझी आठवण काढा.

पत्र दुसरं

अक्का, बँकेतून निवृत्त होऊन सहा महिन्यांपूर्वी आम्ही उभयता डोंबिवलीहून गंगापूर रोडला स्थायिक झालो. अहो, काय हवा आहे तुमच्याकडे! सकाळी फिरताना डोंगर दिसतात, मिसळ खावी तर ती इथेच, भाजीची पानं अजून ओली असतात. पण शेजारी पाहावं तर सगळे कुरकुरतात. ‘नाशिक पूर्वीचं राहिलं नाही’ हे एकच पालुपद. लोकलला लोंबकळत तीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा स्वर्ग काय असतो ते! पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं. नाशिककरांना त्यांच्या भाग्याची जाणीव कशी करून द्यावी? सोसायटीत एक व्याख्यान ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर

नका ठेवू.

तुमचं म्हणणं खोटं नाही, भाऊसाहेब. तीस वर्षं लोकलच्या दांड्याला धरून काढलेल्या माणसाला इथली सकाळ गोड लागणारच, आणि ती तुम्ही भरभरून घ्या. पण तुम्हाला जे उरलंय ते दिसतं आणि शेजाऱ्यांना जे गेलं ते. दोघांचे डोळे चांगलेच आहेत. मी आले तेव्हा आमच्या वाड्यात मे महिन्यातसुद्धा पंखा नव्हता, आणि कुणाला त्याची उणीव भासत नव्हती. आता त्याच मे महिन्यात नातू एसी लावून झोपतो. गोदेच्या पात्रातली जुनी कुंडं काँक्रीटखाली गेली. पाणवेली कधी कधी इतक्या माजतात की पाणी कुठलं नि काठ कुठला कळत नाही. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याने कुरकुर करू नये तर काय करावं? ज्याला गावाचं काहीच नाही तो गप्प बसतो.

माणसांना जाणीव नाही असं वाटत असेल तर पावसाळ्यापर्यंत थांबा. धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीपाशी या. पूर किती, हे आम्हाला आकड्यात कळत नाही. ‘मारुतीच्या गुडघ्याला लागलं’, ‘कमरेला आलं’, ‘छातीला आलं’ असंच आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. छातीच्या वर गेलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात. त्या दिवशी तुमचे कुरकुरणारे शेजारी छत्र्या घेऊन पुलावर उभे दिसतील, तासन् तास, काही न बोलता. त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा.

आणि हो, सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. १८४० सालापासून चाललंय. वर्गणीची पावती खिशात असली की माणूस उपरा राहत नाही. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून तीच फाडली होती.

पत्र तिसरं

अक्का नमस्कार. मी सुरगाणा तालुक्यातला आहे. वय २१. आयटीआय करून आता अंबडला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. सातपूरला चौघं मिळून खोली घेतली आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, राग मानू नका.

मला नाशिक आवडतं. रात्री दिवे जात नाहीत, दवाखाना जवळ आहे, अभ्यासिकेत बसायला मिळतं. आमच्या गावात पाऊस एवढा पडतो की चार महिने घराबाहेर पडता येत नाही, आणि एप्रिल लागला की विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरावं लागतं. इथे नळ फिरवला की पाणी. पहिल्या दिवशी मी बराच वेळ हात तसाच नळाखाली धरून उभा होतो. पण हे मी कुणाला सांगत नाही. कारण सांगितलं की घरमालकीण म्हणतात, ‘बघ, तुमच्याकडे होतं का असलं काही? नशीब समज.’ कामावर आठ तासांचे बारा तास झाले आणि विचारलं, तर साहेबही तेच म्हणतात, ‘गावाला काय करत होतास? उपकार मान.’ खोलीचं भाडं वाढवताना पण तेच.

माझी आई दर वर्षी दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला येते. ती म्हणते, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजू नये.’ अक्का, मला आवडतं पण उपकार वाटत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?

उत्तर

बाळा, राग मानायचा प्रश्नच नाही. पत्राचं उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले, कारण मला आधी माझा एक हिशेब मिटवायचा होता. तो तुलाच सांगते.

सन नव्वदच्या आसपासची गोष्ट. पेठ तालुक्याकडची एक बाई खिडकीशी आली. पाठीला पोर, पदराच्या गाठीत सुटे पैसे. तिकडची गाडी दोन तास उशिरा होती आणि ती मला तिसऱ्यांदा विचारत होती. मागे रांग वाढत चाललेली. मी चिडून म्हटलं, ‘बाई, गाडी येते हे काय कमी आहे? पूर्वी चालतच यायचात ना!’ ती काही बोलली नाही. पैसे परत गाठीत बांधले, गाठ दातांनी आवळली, आणि भिंतीशी जाऊन बसली. गाडी लागल्यावर माझ्याकडे न बघता चढली. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे खरं सांगते. रात्री जेवताना घास अडला.

घास अडला, कारण तेच वाक्य मी स्वतः खाल्लेलं होतं. आमच्या खानदेशात मे महिन्यात हिरवं पान दिसायचं नाही. उन्हाळ्यात डाळी, कुरडया, वाळवणं. रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर निजायचं, तरी अंगाखालची माती गरम लागायची. लग्नानंतर पहिल्याच मे महिन्यात मी गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात गेले तर मेथी-कोथिंबिरीचे ढीग! दवात भिजल्यासारखे. मला काय झालं कुणास ठाऊक, मी कोथिंबिरीच्या सहा जुड्या उचलल्या. घरी येऊन सासूबाईंसमोर ओतल्या आणि म्हटलं, ‘मे महिन्यात कोथिंबीर!’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्याकडे कुठे असतं हे.’ स्वभावाने वाईट नव्हत्या बिचाऱ्या. पण त्यानंतर मला नाशिकात काय काय आवडलं, ते मी त्या घरात चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. थंडीतली अंजीरं आवडली, पावसाळ्यातला सोमेश्वरचा धबधबा आवडला, सगळं गिळून ठेवलं. आवडलं म्हणावं आणि माहेराला कमीपणा यावा, एवढं महाग कौतुक कुणाला परवडतं?

तेव्हा तुझ्यात कमी काही नाही. तू नळाखाली हात धरून उभा राहिलास ते तुझं आहे, तेवढं कुणाला वापरू देऊ नकोस. त्याच्या जोरावर कुणी बारा तास काम मागत असेल किंवा भाडं वाढवत असेल, तर तो सरळ व्यवहार आहे आणि व्यवहाराचं उत्तर व्यवहारानेच द्यायचं. कारखाना असो की दुकान, जादा तासांचा मोबदला कायद्याने दुप्पट दराने ठरलेला आहे. हजेरी आणि जादा तास रोजच्या रोज तारखेनिशी वहीत लिहून ठेव. (पहिल्या पत्रातल्या ताईंना मी लिहायचा आग्रह केला नाही, तुला मात्र वही हवी म्हणते. वही कशासाठी आहे त्यावर असतं.) चौघांनी मिळून लिहा, एकट्याने नको. सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात तोंडी बोलण्यापेक्षा तारीखवार कागदाला वजन असतं. इतकी वर्षं सरकारी खिडकीमागे बसलेल्या बाईचं एवढं तरी ऐक.

आईची म्हणही जरा उलटून बघू. खाल्ल्या घरचे वासे मोजू नये, कबूल. पण इथे कोण कुणाच्या घरचं खातंय? ऑक्टोबरच्या छाटणीला, मग घडांच्या विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला, शेवटी काढणीला पेठ-सुरगाण्याची माणसं ट्रॅक्टर-पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून दिंडोरी-निफाडला उतरतात. तुझ्या आईने दिवसभर हात वर करून एकेका घडातले मणी विरळ केले, म्हणून राहिलेला मणी टपोरा झाला. तो आम्ही टोपलीत रचून पाहुण्यांपुढे ठेवतो आणि म्हणतो, ‘नाशिकची द्राक्षं!’ मीही म्हणते. गेल्या फाल्गुनात बहिणीकडे अमळनेरला दोन किलो घेऊन गेले, तर तिच्या नातीने विचारलं, ‘ही कोणी लावली?’ लहान आहे, पाच वर्षांची. मी म्हटलं, नाशिकला होतात गं. ‘होतात’ म्हटलं, बघ. आपोआप.

घरमालकीणबाईंशी भांडू नकोस. खोली सोडायला लागेल आणि सातपूरला आता खोल्या मिळत नाहीत. त्या पुन्हा म्हणाल्या, ‘तुमच्याकडे होतं का?’ तर सांग, ‘हे नव्हतं मावशी, पण दुसरं होतं.’ आणि मग खरंच सांग. तुमच्याकडे पावसाळ्यात डोंगराच्या प्रत्येक घळीतून पाणी कसं उतरतं ते सांग. नार, पार, दमणगंगा या नद्या कशा उलट्या दिशेला, पश्चिमेला गुजरातकडे निघून जातात आणि सगळा पाऊस घेऊन जातात, म्हणून एवढ्या पावसाच्या गावात एप्रिलला वाटी घेऊन विहिरीत उतरावं लागतं, तेही सांग. नाशिकच्या अर्ध्या लोकांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं तिकडे पाऊसच नसेल. तुमच्याकडच्या बोहाड्याच्या उत्सवातले मुखवटे, सोंगं, रात्रभरची वाद्यं, याबद्दल सांग. त्या ऐकतील की नाही, सांगता येत नाही. माझ्या सासूबाईंनी चार वर्षांनंतर एका दुपारी आमची खानदेशी कळण्याची भाकरी कशी करतात ते मला विचारलं होतं. त्या दिवशी मी त्यांना सहा जुड्यांच्या वेळी पोटात काय झालं होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मला आठवतसुद्धा नाही गं.’ आठवत नसणार, खरंच.

आणि आवडलेलं एकदम गिळूनही टाकू नकोस. आईला फोनवर सांग. नळाचं सांग, अभ्यासिकेतल्या खुर्चीचं सांग. तिला त्यातून कमीपणा येणार नाही, तिला तू कुठे बसतोस ते दिसेल.

आता माझं एक काम कर. आमच्या शेजारी पेठकडची एक मुलगी धुण्याभांड्याला येते, तिने मला नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ आणून दिलंय. तीनदा भाकरी थापली, तिन्ही वेळा कडेने फाटली. ज्वारी-बाजरीची सवय असलेल्या हाताला जमेना. त्या मुलीला विचारलं तर लाजून नुसती हसते. आईला विचारून कळव : पीठ गरम पाण्यात भिजवायचं की गार, आणि किती वेळ मळायचं? पोस्टकार्ड चालेल.